कट हिल: डार्टमूरच्या दुर्गम माथ्यावर जाण्याची पूर्वतयारी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाचा ग्रॅनाइटचा उंच प्रदेश पसरलेला आहे. त्याचे सुमारे ९५४ चौरस किलोमीटर क्षेत्र १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले असून, त्याच्या उत्तर भागाच्या गाभ्यात, डांबरी रस्त्यांपासून आणि वस्तीपासून पुष्कळ आत, कट हिल ही ६०३ मीटर उंचीची टेकडी आहे. याच प्रदेशातील सर्वोच्च ठिकाण असलेले हाय विलहेज ६२१ मीटरचे, म्हणजे कट हिलपेक्षा जेमतेम १८ मीटरांनी उंच आहे. परंतु त्याच्या जवळपास लष्करी रस्ता गेलेला असल्यामुळे तिथवर जाणे तुलनेने सोपे, तर कट हिलपर्यंत पोहोचण्यासाठी सगळी मजल पायीच मारावी लागते. कळसूबाईचा १६४६ मीटर उंचीचा माथा ज्यांच्या पायाखालून गेला आहे, त्यांना हे आकडे पाहून ही टेकडी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी भटक्यांनी तिथला बेत आखताना ही समजूत सर्वांत आधी बाजूला ठेवावी, कारण अशा टेकडीवर माणसाला चढण दमवत नाही, जमीन दमवते.

मूर म्हणजे लागवडीखाली नसलेला, जवळजवळ वृक्षहीन, आम्लधर्मी मातीचा आणि वाऱ्याला सताड उघडा असा उंच माळ होय. सह्याद्रीत ज्याला सडा म्हणतात त्या कातळपठाराशी त्याचे वरवरचे साम्य आहे, कारण दोन्ही ठिकाणी नजर दूरवर जाते आणि आडोसा मिळत नाही. मात्र सड्यावर कातळावर मातीचा पातळ थर असतो आणि पाऊस सरला की तो खडखडीत वाळतो, तर मूरवर खडकाच्या वर पीटचा जाड थर असतो आणि तो बारमाही पाणी धरून ठेवतो. पीट म्हणजे साठलेल्या पाण्यात प्राणवायूअभावी पुरते न कुजलेल्या वनस्पतींचे, मुख्यतः स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचे, हजारो वर्षांचे साचलेले अवशेष. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या मंद गतीने हा थर वाढतो, आणि जिथे पाणी व वारा त्याला कापून काढतात तिथे काळ्या, ओल्या, कधी माणसाच्या खांद्याला लागणाऱ्या भिंती आणि त्यांच्यामधून नागमोडी चर तयार होतात. कट हिलच्या माथ्याभोवती अशा चरांचे जाळेच आहे. नकाशावर समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दूरदूर पाहून जो उतार सौम्य वाटतो, तोच प्रत्यक्षात दर पन्नास पावलांवर खाली उतरायला आणि पुन्हा वर चढायला लावतो.

बेताची सुरुवात म्हणूनच बुटांपासून न करता परवानगीच्या प्रश्नापासून करावी. राष्ट्रीय उद्यान म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे वनखात्याचे फाटक, प्रवेशशुल्क आणि मालकी हक्काने शासनाची जमीन उभी राहते. ब्रिटनमधील राष्ट्रीय उद्याने तशी नाहीत. तिथली जमीन बहुतांशी खाजगी मालकीची असते, तीत गावे, शेते आणि कुरणे असतात, आणि डार्टमूरच्या मध्यवर्ती भागाची मालकी डची ऑफ कॉर्नवॉल या राजपुत्राच्या जहागिरीकडे आहे. या जमिनीवर सामान्य माणसाला पायी किंवा घोड्यावरून फिरता येते ते १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स अधिनियमामुळे, ज्याने तिथल्या सामायिक कुरणांवर जनतेला मोकळ्या हवेतील विरंगुळ्यासाठी प्रवेशाचा हक्क दिला. या हक्कात रात्रीचा तंबू ठोकणे बसते की नाही, यावर एका जमीनमालकाने वाद नेला आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२५ मध्ये त्या न्यायालयाने एकमताने तंबू ठोकण्याचा हक्क मान्य केला. तरीही तो सरसकट सगळीकडे लागू होत नाही, त्यामुळे दोन दिवसांचा बेत असेल तर उद्यान प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेला मुक्कामाच्या जागांचा नकाशा आधी पाहावा, तंबू रस्त्यापासून आणि घरांपासून दूर लावावा, आणि शेकोटी मुळीच पेटवू नये, कारण उन्हाळ्यात वाळलेले पीट जमिनीखाली धुमसत राहते आणि विझता विझत नाही. सोबत कुत्रा असल्यास १ मार्च ते ३१ जुलै या काळात, म्हणजे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, त्याला दोरीने बांधून ठेवणे बंधनकारक आहे.

परवानगीचा दुसरा आणि अधिक गंभीर भाग लष्कराशी निगडित आहे. उत्तर डार्टमूरचा मोठा पट्टा ओकहॅम्प्टन, विल्सवर्दी आणि मेरिव्हेल या तीन गोळीबार क्षेत्रांत मोडतो आणि कट हिलचा परिसर याच पट्ट्यात येतो. खऱ्या दारूगोळ्याचा सराव असेल त्या दिवशी ठरलेल्या उंच टेकड्यांवर दिवसा लाल निशाणे आणि रात्री लाल दिवे लावतात. क्षेत्राच्या सीमेवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले खांब असतात, आणि निशाण वर असताना त्या खांबांच्या आत पाऊल टाकणे कायद्यानेही वर्ज्य आणि शहाणपणानेही वर्ज्य. सरावाचे वेळापत्रक आगाऊ जाहीर होते व ते सरकारी संकेतस्थळावर मिळते. ऑगस्ट महिन्यात आणि सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी साधारणपणे सराव नसतो, परंतु केवळ अशा ठोकताळ्यावर विसंबून घरातून निघणे योग्य नव्हे. तिन्ही क्षेत्रांच्या वेळा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तपासाव्यात, कारण वाट एका क्षेत्रातून दुसऱ्यात केव्हा शिरते हे धुक्यात कळत नाही. सराव नसलेल्या दिवशीही वाटेत पडलेली धातूची कोणतीही वस्तू, मग ती कितीही गंजलेली आणि निरुपद्रवी दिसो, उचलू नये वा पायाने उलथू नये. तिची जागा नोंदवून पोलिसांना कळवावे.

ऋतूची निवड मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरते. डार्टमूर साधारण साडेपन्नास अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनच्या मध्यात तिथे सोळा तासांहून अधिक उजेड मिळतो, तर डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम आठ तास, आणि दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो. महाराष्ट्रात उन्हाळा आणि हिवाळा यांच्या दिवसांत फार तर अडीच तासांचा फरक पडत असल्यामुळे ही गोष्ट माहीत असूनही अंगवळणी पडलेली नसते. पावसाबाबतही तसेच आहे. प्रिन्सटाउन या मूरवरच्या गावी वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला त्याहून कितीतरी अधिक पडतो, पण तिथला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो. डार्टमूरवर मात्र तो बाराही महिने विभागलेला असतो, कारण अटलांटिक महासागरावरून येणारी ओलसर पश्चिमी हवा या उंचवट्यावर आदळून वर चढते, थंड होते आणि ढग थेट जमिनीला टेकतात. म्हणजे कोरडा ऋतू अशी काही गोष्ट तिथे नाही. त्यातल्या त्यात मे-जून आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध हे दिवस बरे. हवामानाचा अंदाज वाचताना जवळच्या शहरासाठी दिलेले आकडे न पाहता ६०० मीटर उंचीवरील वाऱ्याचा वेग आणि ढगांच्या तळाची उंची पाहावी. उंचीगणिक तापमान साधारणपणे दर १५० मीटरला एक अंशाने उतरते, त्यात वारा मिळाला की अंगाला जाणवणारी थंडी कितीतरी वाढते, आणि ढगांचा तळ ५०० मीटरवर असेल तर संपूर्ण माथा धुक्यात गेलेला असतो, खाली एक्सेटर शहरात ऊन पडलेले असले तरी.

आता वाटेचा विचार. कट हिलवर अनेक बाजूंनी जाता येते, पण प्रथम जाणाऱ्याने पोस्टब्रिज या वाडीपासून ईस्ट डार्ट नदीच्या कडेने जाणारा मार्ग धरावा, याचे कारण पुढे येईलच. पोस्टब्रिज हे मोर्टनहॅम्पस्टेड आणि प्रिन्सटाउन यांना जोडणाऱ्या बी ३२१२ या रस्त्यावर आहे. तिथे उद्यानाचे माहिती केंद्र आणि वाहनतळ आहे, आणि ग्रॅनाइटच्या प्रचंड फरश्या दगडी खांबांवर आडव्या टाकून केलेला मध्ययुगीन पूल आहे, जो पाहण्यासाठी बहुतेक पर्यटक येतात आणि पाहून परत जातात. रस्त्यावरची बससेवा तुरळक असल्याने बेत बसवर अवलंबून असेल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते यावरूनच बाकी सगळ्या वेळा ठरवाव्या लागतात. वाहनतळापासून ड्रिफ्ट लेन नावाच्या जुन्या गुरवाटेने निघून नदीच्या पश्चिम तीराने वर जात राहिले की साधारण चार किलोमीटरांवर नदीचा एक छोटा धबधबा लागतो आणि त्याच्या थोडे पुढे सँडी होल पास ही अरुंद घळ येते. इथे नदीचे पात्र आवळल्यासारखे दिसते. पूर्वी कथिलाचे खनिज गाळातून धुऊन काढणाऱ्यांनी या खोऱ्यात जागोजाग केलेल्या खोदकामाचे ढिगारे आजही गवताखाली ओळखता येतात. इथपर्यंत पायवाट बऱ्यापैकी मळलेली आहे. सँडी होलच्या पुढे खोरे एकदम पसरते, जमीन पाणथळ होते, वाट पुसट होत होत नाहीशी होते आणि वायव्येला सुमारे पावणेतीन किलोमीटरांवर कट हिलचा रुंद, गोलसर माथा राहतो. तो माथा म्हणून डोळ्यांत भरत नाही, कारण त्यावर टॉर नाही. टॉर म्हणजे डार्टमूरच्या अनेक टेकड्यांच्या शिरावर दिसणारा उघड्या ग्रॅनाइटचा ढीग. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजलेला हा खडक वरची आवरणे झिजून गेल्यावर उघडा पडला आणि भेगांच्या जागी फुटून त्याचे थर एकावर एक रचल्यासारखे दिसू लागले. पश्चिमेला सुमारे एक किलोमीटरवर असलेला ५७२ मीटरचा फर टॉर दुरूनही ओळखू येतो, त्याच्यापेक्षा उंच असलेली कट हिल मात्र येत नाही.

या मार्गाची शिफारस करण्याचे कारण असे की नदी हीच यातली सर्वांत भरवशाची खूण आहे. ती जाताना डाव्या-उजव्या भटकण्याला आवर घालते, येताना पुन्हा सापडते, आणि पश्चिम तीर सोडला नाही तर मुख्य पात्र ओलांडण्याची वेळच येत नाही. वाटेत मिळणारे ओढे मात्र ओलांडावे लागतात. पीट आधीच पाण्याने भरलेले असल्यामुळे त्यावर पडलेला पाऊस मुरत नाही, तो थेट ओढ्यात येतो, आणि सकाळी सहज उडी मारून पार केलेला ओढा दुपारी गुडघ्यावर येऊ शकतो. रात्रभर मोठा पाऊस झालेला असेल तर हा बेत त्या दिवसापुरता रद्द करणेच इष्ट.

वेळेचा हिशेब मांडण्यासाठी ब्रिटनमध्ये नेस्मिथचा नियम सर्रास वापरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला. त्याचे आजचे रूप असे की सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि प्रत्येक ३०० मीटर चढाईसाठी अर्धा तास वाढवावा. पोस्टब्रिज ते कट हिल हे जाऊन-येऊन अंतर साधारण १५ किलोमीटर आणि एकूण चढाई सुमारे ३०० मीटर धरली तर या नियमाने साडेतीन तास येतात. हा आकडा कट हिलसाठी निखालस फसवा आहे. नेस्मिथने धरलेला धट्टाकट्टा माणूस बऱ्या जमिनीवरून चालतो, आणि सँडी होलच्या पुढची जमीन बरी नाही. तिथे मोलिनिया नावाच्या गवताचे गुडघाभर उंच ठोंब एकमेकांना लागून उगवलेले असतात. ठोंबावर पाय ठेवला तर तो कलंडतो, दोन ठोंबांच्या मध्ये ठेवला तर पाण्यात जातो, आणि ताशी दोन किलोमीटर हा वेगसुद्धा चांगलाच म्हणावा लागतो. म्हणून हिशेब दोन भागांत करावा: सँडी होलपर्यंतचे चार-साडेचार किलोमीटर ताशी चार किलोमीटरच्या वेगाने, त्यापुढचे तीन किलोमीटर ताशी दोनच्या वेगाने, चढाईचा अर्धा तास वेगळा. अशा रीतीने जाण्यालाच तीन तास आणि वर काही मिनिटे लागतात, येण्याला त्याहून थोडे कमी, आणि खाणे, नकाशा पाहणे, कपडे चढवणे-उतरवणे यांसह एकूण सात तास होतात. डिसेंबरच्या आठ तासांच्या उजेडात हे बसवणे म्हणजे अडचणीसाठी एकच तास शिल्लक ठेवणे होय, आणि तो पुरत नाही.

या हिशेबातूनच परत फिरण्याची वेळ ठरते. सकाळी नऊला निघणाऱ्याने, समजा, पाऊण वाजता माथा गाठलेला नसेल तर तो शंभर मीटरांवर असला तरी परत फिरायचे, असे आदल्या दिवशीच ठरवून कागदावर लिहून ठेवावे आणि सोबत्यांनाही सांगावे. जागेवर असा निर्णय घेणे अवघड असते. थकलेला आणि भिजलेला माणूस आपल्या वेगाबद्दल नेहमी आशावादी असतो.

धुक्यात वाट काढण्याचे कौशल्य हा या सगळ्या तयारीचा कस लागणारा भाग आहे. सह्याद्रीत वाट चुकली तर कड्याची धार, घळ, खिंड, वाडीतला आवाज, गुराख्याची हाळी असे काही ना काही दिशा सांगते. कट हिलच्या आसपास चारही बाजूंना सारखाच पिवळट माळ असतो आणि विचारायला माणूस नसतो. ऑर्डनन्स सर्व्हे या राष्ट्रीय नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतील ओएल २८ हा १:२५,००० प्रमाणाचा, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर दाखवणारा, नकाशा जलरोधक पिशवीत बाळगावा. त्यावर निळ्या रेषांनी एकेक किलोमीटरचे चौकोन आखलेले असतात. दोन अक्षरी मोठ्या चौकोनाचे नाव आणि त्यापुढे आधी पूर्वेकडील व मग उत्तरेकडील रेषेचा आकडा सांगून कोणतीही जागा दर्शवता येते. कट हिलचा माथा एसएक्स ५९ ८२ या चौकोनात आहे. ही पद्धत घरी बसून सरावाने आत्मसात करावी, कारण मदत मागण्याची वेळ आली तर बचाव पथकाला पहिली हीच माहिती लागते. मोबाइलमधील नकाशा उपयोगी असतो व तो आधी उतरवून घ्यावा. परंतु मूरवर पुष्कळ ठिकाणी संपर्क मिळत नाही, थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, म्हणून त्याला दुय्यम स्थानच द्यावे.

होकायंत्राबाबत भारतातून गेलेल्यांनी एका बारकाव्याकडे लक्ष द्यावे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ जमिनीला जवळजवळ समांतर असते आणि उत्तरेकडे जावे तसे ते जमिनीत अधिकाधिक खोल रोखलेले असते. त्यामुळे होकायंत्राची सुई ज्या भूभागासाठी तोललेली असते त्याच भूभागात ती आडवी राहते. पुण्यात किंवा मुंबईत घेतलेले, इकडच्या अक्षांशांसाठी तोललेले होकायंत्र इंग्लंडमध्ये उत्तर टोकाने खाली झुकते, तबकडीला घासते आणि अडखळते. ते तिकडेच विकत घ्यावे हे सोयीचे. चुंबकीय उत्तर आणि नकाशावरील उत्तर यांतला फरक मात्र सध्या डार्टमूरवर एक-दोन अंशांहून अधिक नसल्याने जुन्या पुस्तकांत सांगितलेली मोठी दुरुस्ती आता करावी लागत नाही.

दिशा धरून चालणे म्हणजे सुईकडे टक लावून चालणे नव्हे. नकाशावरून दिगंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन, काढून होकायंत्र धरावे, त्या रेषेत धुक्यातही दिसेल असा जवळचा एखादा दगड, ठोंब किंवा पीटचा तुकडा हेरावा, तिथपर्यंत पाय नेतील तसे जावे, आणि तिथून पुन्हा पुढची खूण हेरावी. चर आडवा आला तर त्याला वळसा घालताना किती पावले डावीकडे गेलो ते मोजून पलीकडे तितकीच उजवीकडे यावे. अंतरासाठी पावलांची मोजणी करावी. सपाटीवर बहुतेक प्रौढांना शंभर मीटरसाठी एकाच पायाची साठ ते सत्तर पावले लागतात, ठोंबांच्या गवतात हा आकडा बराच वाढतो, आणि तो प्रत्येकाने चांगल्या हवेत, खुणा दिसत असताना, आपापला ठरवून ठेवावा. परतताना आणखी एक युक्ती कामी येते. माथ्यावरून नेमका सँडी होल गाठण्याचा प्रयत्न केला आणि तो हुकला, तर आपण त्याच्या डावीकडे आहोत की उजवीकडे हे कळत नाही. त्याऐवजी मुद्दाम पूर्वेकडे, वरच्या अंगाला रोख धरावा. कट हिलच्या पूर्वेला ईस्ट डार्ट उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे त्या रोखाने जाणारा माणूस नदीला कुठे ना कुठे मिळतोच, आणि एकदा नदी मिळाली की ती ओलांडायची नाही, पाण्याच्या दिशेने खाली जात राहायचे, एवढेच उरते. थोडे अंतर वाढते, पण शंका उरत नाही.

जमीन पायाखाली येण्याआधी ती डोळ्यांनी वाचता आली पाहिजे, आणि यात वनस्पती वाटाड्याचे काम करतात. जांभळट फुलांचे हीथर किंवा काळ्या-निळ्या फळांची बिलबेरी जिथे दाट आहे तिथली जमीन त्यातल्या त्यात कोरडी व धरून ठेवणारी असते. उभ्या, गोल, सुईसारख्या पात्यांची लव्हाळी दिसली की ओल आहे पण तळ लागतो. वाऱ्यावर डुलणारे पांढऱ्या कापसासारखे तुरे खोल आणि भिजलेल्या पीटची खूण सांगतात. सर्वांत धोक्याचा रंग म्हणजे लख्ख, पोपटी हिरवा. आजूबाजूच्या मळकट गवतात गालिचासारखा सपाट उठून दिसणारा हा हिरवा तुकडा म्हणजे पाण्यावर तरंगणारे स्फॅग्नमचे आवरण असते. कडेला उभे राहून काठीने दाबले तर काही हात पलीकडचा भागही हलताना दिसतो. आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या कादंबरीने डार्टमूरच्या दलदलीची धास्ती जगभर पोहोचवली, आणि तीतली दलदल दक्षिणेकडील फॉक्स टॉर मायरवरून सुचली असावी असे मानतात. पण कादंबरीतल्यासारखी माणसे गिळणारी भूमी म्हणून तिच्याकडे पाहण्यापेक्षा थंड पाण्यात कमरेपर्यंत भिजवून पुढचे तीन तास काकडत ठेवणारी जागा म्हणून तिच्याकडे पाहणे अधिक वास्तवाला धरून आहे.

माथ्याजवळच्या पीटच्या चरांतून मार्ग काढताना भेटणारी एक जुनी सोय जाणून घेण्याजोगी आहे. १९०९ मध्ये निवर्तलेले ओकहॅम्प्टनचे फ्रँक फिलपॉट्स यांनी गुरांना आणि घोडेस्वार शिकाऱ्यांना जाता यावे म्हणून उत्तर डार्टमूरवर ठिकठिकाणी पीट खालच्या घट्ट जमिनीपर्यंत कापून वाटा करवून घेतल्या, आणि त्यांच्या आप्तांनी पुढे त्या वाटांच्या तोंडांशी लेख असलेले दगड बसवले. कट हिलवरून फर टॉरच्या दिशेने जाणारी अशी एक वाट आहे. ती सापडली तर चालणे सुकर होते, परंतु ती शोधण्यासाठी धुक्यात भटकू नये. माथ्यावर तर याहून जुने काही आहे. पुरातत्त्वज्ञ टॉम ग्रीव्ह्ज यांनी २००४ मध्ये तिथे आडव्या पडलेल्या नऊ मोठ्या शिळांची रांग नोंदवली. त्यांच्या खालच्या व वरच्या पीटच्या कालनिर्णयावरून ती नवाश्मयुगातली ठरते. शिळा पीटमध्ये अर्ध्या बुडालेल्या असल्याने नुसत्या पाहणाऱ्याला त्या चटकन कळत नाहीत. त्यांच्यावर बसून डबा उघडण्याचा मोह टाळावा, आणि खुणेसाठी म्हणून सुटे दगड एकावर एक रचण्याची सवयही इथे नको.

कपड्यांबाबत फार लिहिण्याची गरज नाही, एक गोष्ट सोडून: सुती कपडा अंगाला लागू देऊ नये. भिजलेले सूत उष्णता धरत नाही आणि वाऱ्यात अंगाची ऊब ओढून घेते, म्हणून जीनची पँट सह्याद्रीत जितकी गैरसोयीची, तितकी इथे घातक आहे. आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, वर ऊबदार थर, बाहेर वारा-पाऊस अडवणारे जाकीट आणि पँट, टोपी, हातमोजे यांची एक जोडी अंगावर आणि एक पिशवीत, घोट्याच्या वर येणारे बूट आणि त्यांवर गुडघ्यापर्यंत गेटर्स, शिट्टी, कपाळावरचा दिवा, आत शिरून बसता येईल अशी जाड प्लॅस्टिकची आपत्कालीन पिशवी, आणि चालता चालता तोंडात टाकता येईल असे खाणे, यांत भागते. गूळ-शेंगदाण्याचे लाडू या कामी कुठल्याही चॉकलेटला हार जाणार नाहीत. मुद्दाम सांगण्याजोगे ते असे की कोरडे कपडे पिशवीतल्या पिशवीत बांधावेत, कारण दिवसभराच्या पावसात पाठीवरची पिशवी आतूनही भिजते.

हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे, हा मूरवरचा नेहमीचा धोका असून तो गोठणबिंदूच्या बऱ्याच वरच्या तापमानातही उद्भवतो; भिजणे, वारा आणि उपास एकत्र आले की पुरते. थरथर, अडखळती चाल, बोबडे किंवा असंबद्ध बोलणे, विनाकारण चिडचिड ही त्याची चढती लक्षणे आहेत. ती ज्याला होतात त्याच्या ध्यानात येत नाहीत, म्हणून सोबत्यांनी एकमेकांशी बोलत राहावे आणि एकट्याने हा बेत करू नये. असे कुणाला झाल्यास पुढे रेटण्याऐवजी वाऱ्याच्या आड बसवावे, ओले कपडे बदलावेत, पिशवीत घालावे, गोड खाऊ घालावे. मदतीसाठी ९९९ किंवा ११२ हा क्रमांक फिरवून आधी पोलीस आणि मग पर्वतीय बचाव पथक मागावे. ९९९ वर लघुसंदेश पाठवण्याची सोयही आहे, मात्र त्यासाठी नोंदणी आधी करून ठेवावी लागते, आणि जिथे बोलण्याइतका संपर्क मिळत नाही तिथेही संदेश कधी कधी जातो. शिट्टीचा संकेत एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा तसाच, असा असतो. डार्टमूरवर चार बचाव पथके आहेत. त्यांतील माणसे स्वयंसेवक असतात आणि सुटकेसाठी कुणाकडून पैसे घेत नाहीत.

निघताना घरी किंवा मुक्कामाच्या जागी एका जबाबदार माणसाकडे मार्ग, सोबत्यांची नावे, गाडीचा क्रमांक आणि ‘इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवा’ अशी निश्चित वेळ लिहून ठेवावी. ही वेळ अपेक्षित परतीच्या दोन-तीन तास पुढची असावी. पोस्टब्रिजला परतल्यावर बूट सोडण्याआधी त्या माणसाला निरोप द्यावा, कारण तो राहून गेला तर हॉटेलात सुखाने जेवत बसलेल्यांच्या शोधात दहा-वीस स्वयंसेवक रात्रीच्या पावसात त्याच मूरवर निघतात. त्यानंतर त्याच संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि केसांच्या कडेला गोचिडी तपासाव्यात, विशेषतः उन्हाळ्यात. ब्रिटनमधील गोचिडींतून लाइम नावाचा रोग पसरतो. गोचीड आढळल्यास ती चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढावी, तेल किंवा काडी लावू नये, आणि पुढल्या काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसल्यास डॉक्टरांकडे जाऊन मूरवर गेल्याचे आवर्जून सांगावे.